एका शिक्षकाने केलेला कायदा



इतिहासाच्या तासाला मला एक गोष्ट नेहमी खटकते. आमच्या पाठ्यपुस्तकांतून कायदे येतात ते केवळ सनावळीच्या रूपाने. १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट, १७८४ चा पिट्स इंडिया ॲक्ट, १९०९ च्या सुधारणा. मुले बिचारी घोकतात, परीक्षेत लिहितात आणि सुटीत विसरून जातात. एखादा कायदा माणसाच्या घरात शिरतो, त्याच्या न्हाणीघराचा दरवाजा रुंद करतो, उंबऱ्याशी लाकडी उतरण बसवतो, वर्षानुवर्षे एकाच खोलीत पडून असलेल्या बाईच्या उशाशी टेलिफोन आणून ठेवतो, हे कोणी त्यांना सांगत नाही. असा एक कायदा इंग्लंडात १९७० साली झाला. तो ज्या माणसाने केला तो मंत्री नव्हता, मोठा वकील नव्हता. पार्लमेंटात मागच्या बाकावर बसणारा साधा सभासद होता, आणि त्यापूर्वी काही काळ शाळामास्तर होता. आपण शिक्षणसंस्थेची मंडळी असल्यामुळे ही हकीकत आपणांस सांगावीशी वाटते.

एक खुलासा आरंभीच करतो. आज आपल्याकडे सरकारदरबारी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. मी मात्र ‘अपंग’ हा जुनाच शब्द वापरणार आहे, कारण ज्या काळाची ही गोष्ट आहे त्या काळी तोच शब्द होता. त्यात अनादर नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

मँचेस्टर म्हटले की आपणांस कापड आठवते. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या विलायती कापडाच्या होळ्या केल्या, त्यातले पुष्कळसे त्याच भागातले. त्या शहरात अँकोट्स नावाची वस्ती आहे. कापडगिरण्यांच्या सावलीत वाढलेली, एकमेकींना पाठ लावून उभ्या केलेल्या घरांची, धुरकट. आमच्या मुंबईचे गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक वर्णन नको. तेथे २३ मार्च १९२८ रोजी आल्फ मॉरिस यांचा जन्म झाला. भावंडे एकंदर आठ. वडील पहिल्या महायुद्धात लढून आलेले. विषारी वायूने छाती कायमची निकामी झालेली. ते युद्धातून जिवंत परतले एवढेच. पुढची सगळी वर्षे आजारपणातच गेली, आणि आल्फ लहान असतानाच ते वारले. मागे उरली आई आणि आठ मुले.

घरात कर्ता पुरुष आहे, पण तो उठू शकत नाही. तो आहे म्हणून घराला विधवेची म्हणून मदत मिळत नाही, आणि तो मिळवू शकत नाही म्हणून चूल थंड, अशी घरे आपणही पाहिली असतील. या मुलाने ते घर आतून पाहिले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. दारूच्या एका कारखान्याच्या कचेरीत कारकुनी धरली, आणि रात्रशाळेत नाव घातले. पुढे सक्तीची लष्करी नोकरी झाली. मग ऑक्सफर्डचे रस्किन कॉलेज. कामकरी वर्गातील प्रौढांसाठी चालवलेली ही संस्था प्रसिद्ध आहे. तेथून ते ऑक्सफर्ड विद्यापीठात गेले, पदवी घेतली आणि मँचेस्टरला परत येऊन शाळेत शिकवू लागले. मास्तरकी काही फार वर्षे टिकली नाही. वीज उद्योगात कामगारविषयक खात्यात नोकरी मिळाली. परंतु त्यांची भाषणे वाचताना मला तरी मधूनमधून फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस दिसतो. मुद्दा पुन्हा पुन्हा, सोप्या शब्दांत, मागच्या बाकावरच्या मुलाला कळेपर्यंत.

१९५९ साली त्यांनी मजूर पक्षातर्फे मँचेस्टरच्या विदनशॉ मतदारसंघातून निवडणूक लढवली व हरले. १९६४ साली तेथूनच निवडून आले आणि १९९७ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, तोच मतदारसंघ त्यांच्याकडे राहिला.

विदनशॉविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण घरांचा प्रश्न येथे येतो. अँकोट्ससारख्या कोंदट वस्त्यांतील कुटुंबांना मोकळी हवा मिळावी म्हणून मँचेस्टर नगरपालिकेने शहराच्या दक्षिणेस ही प्रचंड वसाहत उभारली. अर्नेस्ट सायमन व त्यांच्या पत्नी शीना सायमन यांनी १९२६ साली तेथील जुना वाडा व त्याभोवतीची बाग विकत घेऊन शहराला देऊन टाकली. बॅरी पार्कर या वास्तुविशारदाने आराखडा केला. प्रत्येक घरापुढे बाग, झाडे, रुंद रस्ते. युरोपातील सर्वांत मोठ्या नगरपालिकी वसाहतींत तिची गणना होते. हेतू फार चांगला होता. पण घरे कोणासाठी बांधली? धडधाकट नवरा, धडधाकट बायको, दोन-तीन मुले. निजायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, दाराला पायऱ्या. त्या काळच्या इंग्लंडात सामान्य घर असेच असे, आणि जुन्या वस्त्यांत तर शौचकूप अंगणात. घरातील एखाद्याला पक्षाघात झाला, सांधे आखडले, की तेच घर त्याचा तुरुंग होई. असा माणूस खालच्या बैठकीच्या खोलीत खाट टाकून राहायचा. वर जायचे नाही, बाहेर जायचे नाही. नवी वसाहत आणि जुनी वस्ती यांत त्याच्यापुरता फरक खिडकीतून दिसणाऱ्या झाडांचाच.

असे लोक मतदारसंघाच्या सभासदाकडे येऊ शकत नसत. त्यांची पत्रे येत, नाहीतर त्यांच्या बायका-मुली येत. आणि मग सभासदाला कळे की आपल्यापाशी सांगण्यासारखे काहीच नाही. मॉरिस पुढे सांगत असत की, ते निवडून येण्यापूर्वीच्या पार्लमेंटात, म्हणजे १९५९ ते १९६४ या पाच वर्षांत, अपंगांच्या प्रश्नावर कॉमन्स सभागृहात एकदाही चर्चा झाली नव्हती. ज्या देशाने दोन महायुद्धे लढून लाखो जायबंदी घरी आणले, त्या देशाची ही गोष्ट.

मग कायदा मुळीच नव्हता काय? होता. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात स्थानिक कौन्सिलांना अपंगांसाठी व्यवस्था करण्याचा अधिकार दिला होता. येथे वाचकांनी जरा थांबावे. अधिकार दिला होता. व्याकरणाच्या तासाला आपण मुलांना शक्यार्थ आणि विध्यर्थ समजावून सांगतो. ‘करता येते’ वेगळे आणि ‘करावे’ वेगळे. मुले म्हणतात, सर, यात काय एवढे? यात किती आहे पाहा. ‘करता येईल’ असे जेथे लिहिलेले असते तेथे एखादे कनवाळू कौन्सिल करते आणि शेजारचे करीत नाही. आणि न करणाऱ्याला कोणी जाब विचारू शकत नाही. शिवाय सर्वांत सोपी पळवाट अशी की, आमच्या हद्दीत असे लोक फारसे नाहीतच! किती आहेत ते मोजायचे बंधन नव्हतेच. जो स्वतः अर्ज घेऊन आला त्याचे नाव नोंदवहीत; आणि ज्याला उंबरा ओलांडता येत नाही तो अर्ज घेऊन येणार कसा?

येथे मला स्वतःची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. कोकणातील ज्या खेड्यात मी चौथीपर्यंत शिकलो तेथे माझ्या वर्गात पोलिओने दोन्ही पाय गेलेला एक मुलगा होता. थोरला भाऊ त्याला पाठीवर घेऊन शाळेत आणीत असे व सुटीच्या वेळी नेत असे. गणितात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे. पाचवीला आम्ही तालुक्याच्या हायस्कुलात गेलो. तेथे पाचवीचा वर्ग माडीवर होता आणि भाऊ तोपर्यंत मुंबईला कामाला गेला होता. जून-जुलैत काही दिवस आम्ही मुलांनी आळीपाळीने त्याला वर चढवले. पावसाने जिना निसरडा झाला, एकदा सगळेच घसरलो, आणि मग तो यायचाच बंद झाला. वर्ग खाली आणावा असे कोणाच्याही मनात आले नाही. खोटे कशाला बोलू, माझ्याही आले नाही. पुढे अनेक वर्षांनी, स्वतः शिक्षक झाल्यावर, काही कामानिमित्त त्या शाळेचे जुने हजेरीपत्रक माझ्या हाती आले. त्याच्या नावापुढे तांबड्या शाईने शेरा होता, ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. शेरा खोटा नव्हता. पण ज्या कोणा अधिकाऱ्याने ते पत्रक तपासले असेल त्याला त्या शाळेत जिन्यामुळे शिक्षण सुटलेला मुलगा होता हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. असो.

इंग्लंडात ही कोंडी फोडण्याची पहिली धडपड पार्लमेंटबाहेर झाली. १९६५ साली सरे परगण्यातील गोडलमिंग या गावी मेगन ड्यु बॉइसन आणि बेरिट मूर या दोन अपंग गृहिणींनी ‘डिसेबलमेंट इन्कम ग्रुप’ नावाची संघटना काढली. त्यांचा सवाल साधा होता. कारखान्यात हात गमावला तर भरपाई, युद्धात पाय गमावला तर पेन्शन; मग घरात रांधता-वाढताना आजाराने पांगळी झालेली बाई कोणाकडे पाहणार? तिने विम्याचे हप्ते भरले नाहीत, कारण तिला कधी पगारच नव्हता. ड्यु बॉइसनबाई १९६९ साली मोटार अपघातात मरण पावल्या. कायदा काही त्यांना पाहायला मिळाला नाही. त्याच सुमारास मजूर पक्षाचेच एक तरुण सभासद जॅक ॲश्ली यांची श्रवणशक्ती शस्त्रक्रियेनंतर १९६७ च्या डिसेंबरात साफ गेली. ते राजीनामा देणार होते; पण ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखायला शिकून ते सभागृहात परतले. संपूर्ण बहिरा माणूस वादविवादात भाग घेतो आहे हे इतर सभासद रोज डोळ्यांनी पाहत होते. या दृश्याचा परिणाम शंभर भाषणांहून अधिक झाला असावा, असे माझे मत आहे.

आता चिठ्ठीची गोष्ट. ब्रिटिश पार्लमेंटात सरकारी विधेयकांनाच बहुतेक वेळ जातो. साध्या सभासदांसाठी वर्षातून काही शुक्रवार राखलेले असतात, आणि त्या दिवसांवर कोणाचा हक्क हे चिठ्ठ्या टाकून ठरते. शेकडो सभासद नाव घालतात. वरच्या पाच-सहा नावांनाच काही आशा. १९६९ च्या नोव्हेंबरात पहिली चिठ्ठी निघाली ती आल्फ मॉरिस यांच्या नावाची. नशीब म्हणा. पण ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या सर्वांनी काही असा कायदा आणला नाही.

मंत्रिमंडळ त्यांच्याच पक्षाचे, तरी आनंद कोणास नव्हता. समाजकल्याण खात्याचे मंत्री रिचर्ड क्रॉसमन हे मोठे विद्वान गृहस्थ. त्यांचे स्वतःचे पेन्शनसंबंधी एक अवाढव्य विधेयक तयार होत होते आणि मध्येच हे नवे लचांड त्यांना नको होते. मॉरिस हटले नाहीत. थोड्या आठवड्यांत मसुदा उभा करायचा, तोही सरकारी मसुदाकारांच्या फौजेवाचून. अपंगांच्या संघटना आणि सर्व पक्षांतील काही सभासद मदतीला आले. हुजूर पक्षाचेही आले.

शुक्रवार ता. ५ डिसेंबर १९६९ रोजी विधेयकाचे दुसरे वाचन झाले. शुक्रवारच्या विधेयकाला एक जुना धोका असतो. विरोधकाला विरुद्ध मत द्यावेच लागत नाही. वेळ संपेपर्यंत बोलत राहिले की विधेयक मेले. या विधेयकावर तसे कोणी केले नाही. आपल्या भाषणाच्या शेवटी मॉरिस यांनी म्हटले की, दीर्घकाळच्या रोग्याच्या आयुष्याला वर्षे जोडता येत नसतील तर निदान त्याच्या वर्षांत आयुष्य घालता यावे, असा समाज पुढच्या पिढीला द्यावयाचा आहे. हे वाक्य पुढे फार गाजले. मला स्वतःला मात्र त्या वाक्यापेक्षा विधेयकाचे पहिले कलम अधिक मोठे वाटते, आणि त्यात अलंकार एकही नाही.

पहिले कलम असे की, आपल्या हद्दीत असे लोक किती आहेत व त्यांची गरज काय आहे याची माहिती करून घेणे हे प्रत्येक कौन्सिलाचे कर्तव्य राहील. बस्स, एवढेच. अर्ज येण्याची वाट पाहायची नाही, जाऊन शोधायचे. आणि ज्या सेवा मिळू शकतात त्यांची जाहीर माहिती द्यायची. दुसऱ्या कलमात त्या सेवांची यादीच दिली. घरकामात मदत, रेडिओ-दूरदर्शन वा ग्रंथालयाची सोय, करमणूक व सहली, जाण्यायेण्याची व्यवस्था, घरात आवश्यक ते फेरबदल, जेवण, टेलिफोन. आणि ज्याची गरज आहे असे कौन्सिलाची एकदा खात्री झाली, त्याची व्यवस्था करणे हेही कर्तव्यच. ‘करता येईल’ गेले, ‘करावे लागेल’ आले.

तिसरे कलम घरांचे. आपल्या भागात कोणती व किती घरे बांधायची याचा विचार करताना घरबांधणी करणाऱ्या कौन्सिलांनी दीर्घकाळचे आजारी व अपंग यांच्या खास गरजा ध्यानात घेतल्याच पाहिजेत, असे त्यात म्हटले. त्यानंतर सार्वजनिक इमारतींचे दरवाजे, शौचालये. आठवे कलम तर विद्यापीठे व शाळा यांच्या इमारतींचे होते. त्यातही माझ्या आठवणीतल्या त्या जिन्याला चाप बसेलच असे नव्हते, कारण ‘जेथवर व्यवहार्य व वाजवी असेल तेथवर’ अशी मेख मारून ठेवली होती. ज्याला काही करायचे नसते त्याला असे एक वाक्य पुरते. रुग्णालयांविषयीच्या कलमात असे होते की, तरुण रोग्यांना वृद्धांच्या कायमच्या वॉर्डात टाकून ठेवू नये. वीस-पंचवीस वर्षांची मुले ऐंशी वर्षांच्या जराजर्जरांमध्ये आयुष्य काढीत होती, म्हणून ते लिहावे लागले. शेवटी शेवटी तीन कलमे शिक्षणाची. एक बहिऱ्या-आंधळ्या मुलांचे, एक स्वमग्न मुलांचे, आणि एक तीव्र वाचनदोष, म्हणजे डिस्लेक्सिया, असलेल्या मुलांचे. सन १९७०! आमच्याकडे अजूनही अशा मुलाला ‘ढ’ म्हणून मोकळे होणारे शिक्षक आहेत. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांतलाच एक होतो.

मोटारीच्या काचेवर लावायचा बिल्लाही याच कायद्यातला. १९७१ पासून तो नारिंगी रंगाचा असे, २००० सालापासून निळा झाला.

विधेयक कॉमन्समधून लॉर्ड्स सभागृहात गेले. तेथे एक वेगळेच दृश्य होते. चाकांच्या खुर्च्यांत बसणारे काही सभासद त्या सभागृहात होते, आणि ते या विधेयकावर अधिकाराने बोलले. बॅरोनेस मॅसम या त्यांपैकी एक. १९५८ साली घोड्यावरून पडून त्यांच्या कण्याला इजा झाली होती; रोमच्या १९६० च्या अपंगांच्या क्रीडास्पर्धांत त्यांनी पदके मिळवली होती. त्या नव्यानेच सभागृहात आल्या होत्या आणि त्यांचे पहिले भाषण याच विधेयकावर झाले. ज्यांच्यासाठी कायदा, तेच कायदा करणाऱ्यांत बसलेले आहेत, असे फार थोड्या वेळा घडते.

आणि इतक्यात घात झाला. १८ मे १९७० रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी निवडणूक जाहीर केली. पार्लमेंट बरखास्त झाले की अर्धवट राहिलेली विधेयके बुडतात, असा तेथला नियम आहे. क्रॉसमनसाहेबांचे ते अवाढव्य पेन्शन विधेयक खरोखरच बुडाले. मागच्या बाकावरच्या सभासदाचे विधेयक मात्र उरलेल्या थोड्या दिवसांत सर्वांनी मिळून पार नेले आणि २९ मे १९७० रोजी, पार्लमेंट बरखास्त झाले त्याच दिवशी, त्याला राणीची संमती मिळाली. पुढच्या महिन्यात निवडणूक झाली व मजूर पक्ष हरला. चार-आठ दिवसांचा फरक पडला असता तर मी हा लेख लिहीत बसलो नसतो.

लवकरच मोजणीचे महत्त्व दिसले. १९७१ साली सरकारच्या वतीने अमेलिया हॅरिस यांनी केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १६ वर्षांवरील व स्वतःच्या घरात राहणाऱ्या लोकांत कोणते ना कोणते अपंगत्व असलेले तीस लाखांहून अधिक निघाले. इतके लोक आपल्यामध्ये, आपल्याच आळीत राहत होते हे अनेकांना प्रथमच समजले. कौन्सिलांपैकी काहींनी दारोदार माणसे पाठवून मनापासून शोध घेतला, काहींनी नमुना पाहणीवर भागवले. घरांच्या बाबतीत, स्वतः पोलिओग्रस्त असलेले वास्तुविशारद सेल्विन गोल्डस्मिथ यांनी १९६३ पासूनच मार्ग दाखवून ठेवला होता. चाकाच्या खुर्चीला दार किती रुंद लागते, ओटा किती उंचीवर असावा, याची मापे त्यांच्या ग्रंथात होती. नॉर्विच शहरात रस्त्याच्या कडेचे दगड उतरते करण्याचे काम त्यांच्याच आग्रहाने झाले. सत्तरच्या दशकात पायरीविना दार व रुंद बोळ असलेली नगरपालिकी घरे बांधली जाऊ लागली, पण हव्या होत्या त्या मानाने थोडीच.

१९७४ साली मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला तेव्हा विल्सन यांनी मॉरिस यांना अपंगांचा मंत्री नेमले. असे मंत्रिपद जगात पहिलेच. त्यांच्या काळात १९७६ पासून प्रवासभत्ता सुरू झाला, आरंभी आठवड्याला पाच पौंड. त्याच वर्षी घरी राहून आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही भत्ता निघाला. आणि येथे एक डाग आहे तो लपवण्याचे कारण नाही. हा भत्ता विवाहित स्त्रियांना मिळत नसे! शुश्रूषा बहुतेक घरांत करीत होत्या त्याच. पण त्या तर घरीच असणार, त्यांना भत्ता कशाला, असा हिशेब. युरोपीय न्यायालयाचा निर्णय येऊन ही अट जायला १९८६ साल उजाडले. ड्यु बॉइसनबाईंनी जो सवाल केला होता, तोच अपंगांच्या कैवाऱ्याच्या मंत्रालयातूनही सुटला नाही. मोठ्या माणसांची चरित्रे लिहिताना आपण अशा गोष्टी गाळतो; मुलांना त्या सांगाव्यात असे माझे मत आहे.

कायद्याची खरी कसोटी लागली ती पुढे, पैशाची चणचण आल्यावर. १९९४ साली ग्लूस्टरशायर कौन्सिलाने एका वृद्ध अपंग गृहस्थास कळवले की, आपणांस साफसफाई व कपडे धुण्याची जी मदत मिळते ती सरकारकडून पैसे कमी आल्यामुळे बंद होत आहे. म्हातारा कोर्टात गेला. प्रकरण लॉर्ड्सपर्यंत पोहोचले आणि १९९७ च्या मार्चमध्ये पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी कौन्सिलाच्या बाजूने कौल दिला. त्यांचे म्हणणे असे की, माणसाची गरज किती हे ठरवताना कौन्सिलाने आपली तिजोरी पाहिली तर ते बेकायदा नाही. म्हणजे ‘करावे लागेल’ हा शब्द राहिला, पण ‘गरज’ हा शब्द आटला. दोन न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले आणि मला तरी त्या दोघांचेच पटते. गरज माणसाच्या अंगात असते; ती कौन्सिलाच्या अंदाजपत्रकाप्रमाणे कमीजास्त कशी होईल?

पण लगेच पुढच्या वर्षी एक शाळकरी मुलगी त्याच न्यायासनापुढे आली. आजारपणामुळे ती शाळेत जाऊ शकत नव्हती, म्हणून ईस्ट ससेक्सच्या कौन्सिलाकडून घरी आठवड्याला पाच तास शिकवणी मिळत असे. पैसे वाचवण्यासाठी ती तीन तासांवर आणली. हा दावा शिक्षणाच्या कायद्याखालचा होता, मॉरिस यांच्या नव्हे. १९९८ च्या मे महिन्यात न्यायमूर्तींनी निकाल मुलीच्या बाजूने दिला. पैसा दुसरीकडे खर्च करणे आवडते म्हणून कर्तव्य टाळू दिले, तर कर्तव्याचा नुसता ऐच्छिक अधिकार होऊन बसेल, असे त्यांनी बजावले. शक्यार्थ आणि विध्यर्थ, वाचकहो! दोन तासांच्या शिकवणीसाठी इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनाला आमच्या सातवीच्या व्याकरणाचा धडा द्यावा लागला.

मॉरिस यांनी १९९२ साली अपंगांना भेदभावाविरुद्ध नागरी हक्क देणारे दुसरे विधेयक आणून पाहिले. ते पार पडले नाही. तो कायदा पुढे १९९५ साली, हुजूर पक्षाच्या राजवटीत, पुष्कळसा पातळ होऊन आला. १९९७ साली ते लॉर्ड्स सभागृहात गेले व तेथे दूषित रक्त दिल्यामुळे रोगग्रस्त झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांचा आणि आखाती युद्धातून आजारी होऊन परतलेल्या सैनिकांचा प्रश्न लावून धरला. वायूने छाती गेलेल्या शिपायाचा मुलगा ऐंशीच्या घरात आला तरी शिपायांचाच दावा मांडीत होता. १२ ऑगस्ट २०१२ रोजी ते वारले. त्यांच्या बंधूंची मुलगी एस्टेल मॉरिस याही मुळात शिक्षिका. २००१-०२ मध्ये त्या इंग्लंडच्या शिक्षणमंत्री होत्या.

आपल्या देशातही मोजणीचा झगडा झालेला आहे. १९९१ च्या शिरगणतीत अपंगांची नोंदच घेतली गेली नव्हती. २००१ साली ती व्हावी यासाठी जावेद आबिदी यांनी, जे स्वतः चाकाच्या खुर्चीत असत, दिल्लीत खटपट केली आणि प्रश्नावलीत तो रकाना आला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे हा आकडा २ कोटी ६८ लाख आहे. १९९५ चा कायदा झाला, नंतर २०१६ चा व्यापक कायदा झाला; त्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार धरले आहेत, वाचनदोषही त्यात आहे.

आता शाळेपुरते सांगतो. दरवर्षी आम्हा शिक्षकांना यू-डायसची माहिती भरावी लागते. त्यात विशेष गरजा असलेल्या मुलांचा रकाना असतो. माझ्या वर्गापुढे गेल्या वर्षी मी तेथे शून्य लिहिले. शून्य लिहिणे सोपे असते. प्रमाणपत्र कोणाकडेच नव्हते. परंतु आठवीत एक मुलगा आहे, जो पुस्तक नाकाला टेकवून वाचतो आणि फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो. मी त्याला पहिल्या बाकावर बसवले होते व माझे काम झाले असे समजत होतो. हा लेख लिहायला घेतल्यानंतर त्याच्या वडिलांना शाळेत बोलावले. ते रिक्षा चालवतात. म्हणाले, “सर, जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाचा धंदा बुडतो, आणि एका खेपेत काम होत नाही.” येत्या मंगळवारी रजा टाकून मुलाला मीच घेऊन जाणार आहे; ते दुपारी धंदा आटोपून तेथे येतील.